आणखी एक कॉन्ट्रॅक्ट

सल्लागाराच्या ऑफिसात कुठल्याही इच्छेला तीन रकाने भरल्याशिवाय थारा नव्हता. काय हवंय, कधी हवंय आणि खर्च किती. मुलीचं शिक्षण म्हणा, स्वतःचं घर म्हणा, म्हातारपणाची सोय म्हणा, तो ते बरोबर तिन्ही रकान्यांत बसवून द्यायचा आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्या इच्छेची एक पट्टी उमटायची. पैसे कमी पडत असतील तर लाल, पुरत असतील तर हिरवी. माणसं तशी भोळीच असतात. आपल्या आयुष्याची पट्टी हिरवी झालेली बघून भल्याभल्यांचे डोळे भरून यायचे, आणि मग सल्लागार त्यांच्यापुढे कागदी रुमालांचा डबा सरकवायचा. डबा त्याने त्यासाठीच आणून ठेवला होता.

तो वाईट माणूस होता असं मात्र कुणी समजू नये. कमिशनच्या लोभाने त्याने कधी कुणाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारली नाही, आणि लोकांचे पैसे तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. खोट एकच. माणसाला काय हवंय ते एकदा आकड्यात मांडलं, की मग त्या माणसाकडे बघायचं कारण उरत नाही, आकड्याकडे बघितलं की पुरे, अशी त्याची पक्की समजूत होती. अशी समजूत असलेली माणसं धंद्यात फार पुढे जातात, तसा तोही गेला.

ताई आणि भाऊजी ही त्याची पहिली गिऱ्हाइकं. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाढे घोकून घेतले, वेळप्रसंगी धपाटेही घातले. त्यामुळे जग त्याला साहेब म्हणत असलं तरी तिच्या लेखी तो छोट्याच. भाऊजी मालवाहू जहाजावर इंजिनाकडे फिटर होते. एक कॉन्ट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचं, ते संपवून घरी यायचं, दोन-तीन महिने काढायचे की पुन्हा बोलावणं. लहानपणी भाची बाबांना ओळखायला दर वेळी आठवडा घ्यायची, आणि पुरती ओळख पटली की बाबा बॅग भरायला लागायचे.

सल्लागाराने नवीन ऑफिस थाटलं तेव्हा पहिला मान म्हणून त्याने या दोघांना बोलावलं. भाची तेव्हा दुसरीत होती. टेबलाच्या पलीकडे दोघं नव्या कपड्यांत, फोटो काढायला बसल्यासारखी बसली.

"बोला," सल्लागार म्हणाला, "काय काय हवंय आयुष्यात? लाजू नका."

भाऊजींनी घसा साफ करून मुलीचं शिक्षण सांगितलं, मग घर सांगितलं. पट्ट्या उमटल्या, दोन्ही लालभडक. मग त्याने ताईकडे बघितलं.

"मला हे घरी हवेत," ताई म्हणाली.

"कधी?"

"कधी म्हणजे? आत्ता."

"आणि खर्च?"

"खर्च कसला त्यात? एक माणूस घरी जेवेल, तेवढाच."

तिघंही हसले. भाऊजी तर कानापर्यंत लाल झाले. सल्लागाराने बहिणीचा मान राखायचा म्हणून ते खरोखर टाइप केलं, खर्चाच्या रकान्यात शून्य घातलं, पण तिथेच घोडं अडलं. शून्य रकमेची इच्छा प्रोग्रामला मान्यच नव्हती. रक्कम भरा, रक्कम भरा, असं तो पुन्हापुन्हा बजावत राहिला. शेवटी सल्लागाराने ती ओळ पुसली आणि तिथे लिहिलं, निवृत्ती, वय पन्नास. त्यापुढे एक भली मोठी रक्कम आपोआप आली.

"हे बघ ताई, तेच आहे हे," तो म्हणाला. "फक्त नीट लिहिलंय."

ताईने मान डोलावली. छोट्या शिकलेला, त्याला कळत असणार.

पुढे दर वर्षी भाऊजी किनाऱ्यावर असले की बैठक व्हायची. सल्लागार निवृत्तीचं वय थोडं पुढे सरकवून दाखवायचा, आणि वय पुढे गेलं की पट्टी हिरवी पडत जायची. त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता. बहिणीला उतारवयात कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच त्याच्या मनात असायचं. तरी प्रत्येक बैठकीचा शेवट ठरलेला. आणखी एक कॉन्ट्रॅक्ट. ताई घरी जाऊन पुन्हा एकटीच्या मापाने स्वयंपाक करायला लागायची.

भाऊजी पन्नाशीला आले त्या वर्षी ते एक बातमी घेऊन आले. बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्तीचं काम मिळत होतं. पगार जहाजावरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, पण संध्याकाळी घरी. सल्लागाराने तो पगार भरून बघितला आणि त्याचं तोंड कडू झालं. इतक्या वर्षांच्या मेहनतीने हिरव्या केलेल्या पट्ट्या एका झटक्यात लाल. मग त्याने जहाजावरची आणखी दोन कॉन्ट्रॅक्टं धरून तेच गणित मांडलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

भाऊजींनी पडद्याकडे बघितलं आणि मग ताईकडे. ताईने छोट्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं रे?" तिने विचारलं.

"दोनच कॉन्ट्रॅक्टं, ताई. मग जन्माची ददात नाही."

दोघांचीही नजर पुन्हा पडद्याकडे गेली. सल्लागाराला वाटलं, दोघं आकडे वाचताहेत.

"बरं," भाऊजी म्हणाले.

दोनाची चार झाली, चाराची आणखी काही. भाची शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात गेली. घराचं कर्ज फिटलं. भाऊजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, इंजिनाच्या धडधडीने निम्मे कान गमावून, कायमचे घरी आले. तेव्हा त्यांची निवृत्तीची पट्टी इतकी हिरवी होती, की सल्लागार भाषणांत त्यांचं उदाहरण द्यायचा. नाव न घेता, पण मिशीला पीळ देत.

ऑफिसला वीस वर्षं होत आली तेव्हा त्याने एक समारंभ योजला. हॉल ठरला, खुर्च्या ठरल्या, आणि ताई-भाऊजींनी स्टेजवर येऊन पाच मिनिटं बोलावं असं त्याच्या डोक्यात आलं. भाऊजी येऊन सात महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तो दोनदा घाईघाईने डोकावून गेला होता, तेवढंच. रविवारी सकाळी तो आमंत्रण द्यायला म्हणून गेला.

दार भाऊजींनी उघडलं.

"या मेव्हणे, या!" ते ओरडले. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं होऊन मिटलं. आत टीव्ही इतक्या जोरात लागला होता, की खिडकीची तावदानं थरथरत होती.

स्वयंपाकघरात ताई एका कपाटाशी झटापट करत होती. कपाटाच्या दाराला पितळी खिट्टी होती. शेजारच्या दारालाही. बघावं तिकडे खिट्ट्या. जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकलेली होती, ताटं घसरून पडू नयेत म्हणून.

"सांग त्यांना," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "घर हलत नाही म्हणावं इथे."

सल्लागाराला हसू फुटलं. "हौस आहे, करू देत. नवीन आहे अजून, बसेल घडी."

"सात महिने झाले रे." तिने खिट्टी सोडवून डबा काढला. "जहाजावरच्या पाळीसारखे पहाटे चारला उठतात, आठला झोपतात, दुपारी पुन्हा चारला उठतात. दिवस-रात्र काही नाहीच. कपडे अजून त्या बॅगेतच. कपाटात एक खण मोकळा करून दिला, तर म्हणाले, कशाला उगाच तुमची अडचण. तुमची! मला! चहा हवा असला तर दारात उभे राहून विचारतात, मिळेल का म्हणून. मी काय खानावळ काढलीय?"

"भांडता का तुम्ही?"

"भांडायला ओळख लागते."

ती चहा टाकायला वळली. मग पाठमोरीच बोलत राहिली. सकाळी दोन मैत्रिणींबरोबर ती पोहायला जायची, ते आता बंद, कारण भाऊजी तलावाच्या दारापर्यंत सोडायला येतात आणि ती परत येईपर्यंत पायरीवर बसून राहतात. रेडिओ लावून खिडकीशी उभ्याने जेवायची सवय, ती गेली. पलंगावर हातपाय ताणून झोपायची सवय होती. आता झोपेत हात लागला की दोघंही दचकून माफी मागतात. हे सांगताना ती हसायला गेली, पण ते काही तिला जमलं नाही.

"चांगले आहेत रे. माणूस फार चांगला आहे," ती म्हणाली. "पण मला ते तेव्हा हवे होते. पोरगी तापाने फणफणायची तेव्हा. मी अंधारात उठून दाराची कडी तीन-तीनदा बघायचे तेव्हा. तेव्हा नव्हते, मग मी त्यांच्याशिवाय राहायला शिकले. नीट शिकले. आता ते विसरू कसं?"

"पण ताई, हेच तर तुला—"

"हो. मी मागितलं होतं. तू निवृत्ती लिहिलंस."

ती रागाने बोलली नव्हती. दूध उतू जाईल म्हणून लगेच गॅसकडे वळलीही. पण इतक्या वर्षांत ही बाई ते विसरली नव्हती, आणि तोंडातून ब्रही काढला नव्हता.

चहाचे कप घेऊन तो बाल्कनीत भाऊजींकडे गेला. भाऊजी लांब क्रेन दिसत होत्या तिकडे बघत बसले होते. समारंभाचं आमंत्रण सल्लागाराच्या खिशात तसंच राहिलं.

"जमतंय का घरी?" त्याने मोठ्याने विचारलं.

"झकास!" भाऊजी म्हणाले. मग त्यांच्या परीने हळू, म्हणजे शेजाऱ्यांना अर्धंच ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले, "तिची फार गैरसोय होते हो माझ्यामुळे. तिचं सगळं मार्गी लागलेलं. मी मध्येच येऊन पडलो."

भाऊजींनी सल्लागाराच्या हातातून कप घेतला.

"ते पंपाचं काम आठवतं का तुम्हाला? वर्कशॉपचं?"

"आठवतं."

"मी त्या माणसाला हो म्हणून आलो होतो. मग तुमच्याकडे आलो. ते आकडे तुम्ही दाखवलेत, तेव्हा मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, ही राहा म्हणेल. हिने तुम्हाला विचारलं." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हटलं, हिला काळजी वाटत असणार पैशाची. मुलीच्या शिक्षणाची माती व्हायला नको. दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणून आलो."

सल्लागाराला ती दुपार जशीच्या तशी दिसली. दोन माणसं टेबलाच्या पलीकडे बसून एकमेकांच्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघत होती, आणि तो अलीकडे बसून पट्टीचा रंग बघत होता. विचारायला काय लागलं असतं? तुम्हाला राहायचंय का? तुला काय हवंय? पोरंसोरंसुद्धा विचारतात. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त पश्चात्ताप. लाज वाटून निदान माणूस तोंड लपवतो, पश्चात्तापाला तेही करता येत नाही. चहा तसाच टाकून तो उठला.

स्टेजवर शेवटी दुसरंच एक जोडपं बोललं. टाळ्या पडल्या. सल्लागाराने भाषणात या वेळी कुणाचंही उदाहरण दिलं नाही, आणि भाषण पडलं असं त्याच्या बायकोने घरी येताना स्पष्ट सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई ऑफिसात आली. न कळवता, एकटी. आजवर ती भाऊजींशिवाय त्या खोलीत आली नव्हती. तिने दार लोटून घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "दोन घरं परवडतील का आम्हाला?"

"म्हणजे गुंतवणूक म्हणून?"

"नाही रे बाबा. राहायला. ह्यांना बंदराजवळ एक खोली मिळतेय भाड्याने. खाली वर्कशॉप आहे, तिथे जातील येतील, पगार नसला तरी चालेल म्हणतात. मी आहे तिथेच. रविवारी जेवायला येतील." तिने हे सगळं एका दमात म्हटलं, पाठ करून आल्यासारखं. "आम्ही बोललो. म्हणजे त्यांनी काढलं, मी बरं म्हटलं. भांडण नाही काही. लोकांना काय सांगायचं ते बघू पुढे."

"त्यांनी काढलं?"

"हो. मी जरा वेळ थांबले, म्हटलं, हसून सोडून देतील. नाही सोडलं. मग म्हटलं, त्यांचा जीव तिकडेच असणार. तिकडेच गेला ना सगळा जन्म." ती पदराशी चाळा करत राहिली. "तू बघ फक्त, पुरतील का. पुरत नसतील तर राहिलं. आहे तसंच चालू ठेवू."

सल्लागाराने लॅपटॉप उघडला. खोलीचं भाडं घातलं, दुसऱ्या स्वयंपाकघराचा खर्च, दुसरी बिलं, औषधपाणी. पुरत होते. नुसते पुरत नव्हते, दोघं शंभरी गाठेपर्यंत पुरून उरत होते. त्याने आयुष्यात इतकं चोख काम दुसऱ्या कुणासाठी केलं नव्हतं.

मग त्याला वाटलं, खोटं बोलावं. महागाईचा आकडा जरासा वाढवायचा, बस्स. ताईने कधी पडताळून बघितलं नसतं. नाही पुरत म्हटलं असतं तर ती उठून घरी गेली असती, आणि एका छपराखाली राहता राहता कधीतरी ती दोघं एकमेकांना सापडलीही असती. कुणी सांगावं. आयुष्यभर जपलेला प्रामाणिकपणा त्याला त्या घटकेला गळ्यातल्या धोंड्यासारखा वाटला. त्याचं बोट त्या रकान्यावर गेलंसुद्धा. पण याआधीही ही दोघं कुठे राहणार ते त्याच्याच आकड्याने ठरवलं होतं, आणि त्याचं काय झालं ते समोर बसलं होतं. त्याने बोट उचललं.

"पुरतात," तो म्हणाला.

ताई उठली नाही.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"हं." तिने पिशवीतून फोन काढला. "ते वाट बघत असतील. सांगते त्यांना." आणि फोन लागल्यावर मोठ्याने, "अहो, पुरतात म्हणतोय!"

फोनमधून भाऊजींचा आवाज टेबलाच्या अलीकडे स्पष्ट आला. "पुरतात? त्याला म्हणावं, परत एकदा बघ. नीट बघ म्हणावं."

ताईने फोन कानाशी तसाच धरून छोट्याकडे बघितलं. आकड्यांपलीकडे काही न बघणाऱ्या माणसालासुद्धा कळावं, असं ते बघणं होतं. दोघांनाही 'नाही पुरत' हेच उत्तर हवं होतं, आणि दोघंही ते त्याच्याकडून घ्यायला आली होती.

त्याने हात पुढे करून फोन घेतला.

"भाऊजी, पैशांचं राहू द्या. तुम्हाला जायचंय का?"

"काय?"

"तुम्हाला त्या खोलीत जायचंय का? की ताईबरोबर राहायचंय?" तो इतक्या जोराने ओरडला की बाहेरच्या खोलीत कीबोर्डचे आवाज थांबले.

पलीकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. भाऊजी बाल्कनीत असणार.

"तिला विचारा," भाऊजी म्हणाले.

"मी तुम्हाला विचारतोय."

"तिला विचारा. ती म्हणेल तसं."

सल्लागाराने फोन बाजूला धरला. "ताई, आता तू सांग. माझ्याकडे बघू नको. तू म्हण, राहा. एवढंच म्हण. ते राहतील."

ताईचे ओठ हलले. तिने खरोखर प्रयत्न केला, तो सल्लागाराने डोळ्यांनी बघितला. पण इतकी वर्षं ज्याची सवय मोडून काढली, तो शब्द काही केल्या तिला उच्चारता येईना.

"त्यांनी म्हटलं का, राहतो म्हणून?" तिने विचारलं.

"नाही. तू म्हणशील तसं, म्हणाले."

ताईने पिशवी खांद्याला लावली, केस मागे सारले, आणि शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "सांग त्यांना, पुरतात."

त्याने सांगितलं.

"बरं," भाऊजी म्हणाले. "मग उद्या जाऊन त्या खोलीला हो म्हणून येतो."